डबा कुठं ठेवायचा?

इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, आमच्याकडे चपलांच्या रॅकवर बसला, कारण फायबरची वायर तिथून घरात शिरली. दुसरं काही कारण नव्हतं. बसवायला आलेल्या मुलानं भिंत दोनदा ठोकून पाहिली, हातातल्या ड्रिलकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, आत नको न्यायला. इथंच छान दिसतोय." मीही हो म्हटलं. चार वर्षं तो तिथंच आहे.

त्या मुलाचंही चुकलं नाही. घर पुण्यातल्या सहकारनगरमधलं, पानशेतच्या पुरानंतरचं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली बिऱ्हाडं पाण्यात गेली, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांतली बरीच कुटुंबं इकडे आली. माझ्या आजेसासऱ्यांनी घर बांधताना नदीवरचा राग भिंतींत ओतला असावा. आतल्या भिंतीसुद्धा दीड विटेच्या. मे महिन्यात घर गार राहतं, गणपतीत स्पीकरचा आवाज निम्म्यावर येतो, आणि वायफाय पहिल्याच भिंतीत गुदमरतं. पुढच्या खोलीत वेग दोनशे एमबीपीएस, मधल्या खोलीत चाळीस, आणि मागच्या खोलीत, जिथं बसून मी लोकांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्स भरते, तिथं मोबाइलवर सिग्नलची एक काडी. तीही दार उघडं ठेवलं तर.

इतकी वर्षं मी दार उघडं ठेवून काम केलं. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, माझा जुना संगणक विंडोज ११ घेईना, नवा आणावा लागला, आणि एकदा हात घातलाच आहे तर वायफायचंही बघू असं ठरलं. नवा संगणक म्हणजे मेलसाठी नवं सॉफ्टवेअरही आलं. नवरा म्हणाला, "दोन्ही एका शनिवारी होईल." तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून त्याला असं वाटतं.

पहिली चूक मीच केली. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर ऑनलाइन मागवला. मधल्या खोलीत लावला, मागच्या खोलीत एकदम तीन काड्या आल्या, मी खूश. काड्या म्हणजे वेग नव्हे, हे कळलं पुढं एका महिन्याच्या २० तारखेला. जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख, पाच क्लायंटांचे चलन बाकी, आणि पोर्टलवर चक्र फिरतंय. रिपीटर मूळ डब्याकडून सिग्नल ऐकतो आणि त्याच हवेत तोच पुन्हा बोलतो. ऐकताना बोलता येत नाही, बोलताना ऐकता येत नाही, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. शिवाय मधल्या खोलीपर्यंतच जे पोचत होतं ते चाळीस. त्याचं निम्मं, त्यातून आणखी एक भिंत. तीन काड्या दिसत होत्या त्या रिपीटरच्या स्वतःच्या होत्या. माझ्यापाशी मोठ्यानं बोलत होता, पण सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. चलन शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरले.

त्यानंतर घरात मेशची चर्चा सुरू झाली. तीन डबे, एकच नाव, फिरताना फोन आपोआप जवळच्या डब्याला जोडला जातो. लेकीचं मत मेशला, कारण तिची खोली माडीवर. तिन्ही डब्यांचा संच दहा हजारांच्या आसपास होता. नवरा कार्टमध्ये टाकून बसला होता. मी म्हटलं, आधी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन येते.

स्वारगेटला मेट्रोत बसलं की पुढचंच स्टेशन मंडई. तिथून चालत बुधवार पेठ. पूर्वी गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास जायचा. ज्या दुकानात शिरले तिथं मी आधी कधी गेले नव्हते. दुकान म्हणजे तरी काय, दोन माणसं उभी राहिली की भरलं. काउंटरमागच्या गृहस्थांना मी मेशचं विचारलं. त्यांनी किंमत सांगायच्या आधी विचारलं, "भिंत कसली?"

"विटांची. दीड विटेची."

"मधे किती?"

"तीन."

"मग मेश कशाला घेताय? ते डबे एकमेकांशी पण वायफायनंच बोलणार ना, ताई? तुमची भिंत त्यांना पण आहे."

चार दिवस घरात आम्ही तिघं ब्रँड आणि किंमती लढवत होतो, आणि हे कुणी विचारलं नव्हतं. मेश वाईट नाही; त्याचे डबे वायरनं जोडले तर उत्तमच चालतात. पण वायर टाकायचीच असेल तर साधा राउटरही पुरतो. त्यांनी दोन साधे वायफाय ६ चे राउटर काढले, एकाची किंमत दोन हजारांच्या आत. अट एकच: खोक्यावर अॅक्सेस पॉइंट मोड लिहिलेला हवा. तो का हवा हे मला घरी गेल्यावर, चांगलं दोन दिवस डोकं फोडून कळलं.

केबल घेताना त्यांनी एक गंमत दाखवली. दोन केबली, दोन्हींवर कॅट ६ ही एकच प्रत छापलेली, एकीची किंमत दुसरीच्या निम्मी. ब्लेडनं दोन्हींची एकेक बारीक तार खरवडली. एक आतपर्यंत लाल तांब्याची. दुसरीचा लाल रंग पहिल्याच ओरखड्यात गेला, आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. "ही पण विकतो," ते शांतपणे म्हणाले, "मागतात लोक." मी तांब्याची तीस मीटर घेतली.

घरी आणल्यावर प्रश्न पुन्हा भिंतीचाच. इलेक्ट्रिशियन आला, तोही भिंत ठोकून पाहायला लागला. गच्चीवरून टाकू म्हणाला. त्याला अप्पांनी अडवलं. अप्पा म्हणजे माझे सासरे, वय ८३, हवामान खात्यातून, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसातून निवृत्त झालेले. "गच्चीवरून तांब्याची तार अजिबात नको," ते म्हणाले. "वळवाचा पाऊस येतो तेव्हा वीज जवळपास कुठंही पडली तरी त्या तारेत दाब उठतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. फायबर काचेचं असतं, त्याला ही भीती नाही. तांब्याला आहे." मग उठले, मधल्या खोलीतलं कपाट सरकवायला सांगितलं आणि भिंतीच्या तळाशी एक भोक दाखवलं. टेलिफोनचं एक्स्टेन्शन मागच्या खोलीत नेण्यासाठी कधीकाळी तिन्ही भिंतींना पाडलेलं. फोन जाऊन किती वर्षं झाली, भोकं तशीच होती, एकात मुंग्यांनी संसार थाटला होता.

भोकातून केबल जाते, तिच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग जात नाही. म्हणून केबल आधी ओवायची आणि प्लग नंतर चिमट्यानं दाबून बसवायचा, त्याला क्रिंपिंग म्हणतात. आठ तारा, ठरलेला क्रम: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हा क्रम आता मला अथर्वशीर्षासारखा पाठ आहे. दोन्ही टोकांना तोच हवा. इलेक्ट्रिशियननं बसवलं, दिवा लागला, पैसे घेऊन गेला. वेग पाहिला तर ९४. पुन्हा पाहिला, ९४. दोनशेचा प्लॅन, केबल हजारही सहज नेऊ शकणारी, आणि आकडा जणू कुणी खिळा मारून ठेवल्यासारखा ९४ वर. नवऱ्यानं हिंजवडीहून फोनवरच सांगितलं, "कुठली तरी तार लागली नाहीये." हजारच्या वेगाला आठही तारा लागतात. एखादी निसटली की दोन्ही यंत्रं निमूटपणे शंभरवर उतरतात, त्यात चार तारांवर भागतं, आणि शंभरातून हाताला लागतात ते चौऱ्याण्णव. प्लग कापून मी स्वतः पुन्हा बसवला. तिसऱ्या प्रयत्नात जमला. वाया गेलेले दोन प्लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.

आता अॅक्सेस पॉइंट मोडबद्दल. नवा राउटर खोक्यातून काढला, सांगितल्याप्रमाणे केबल त्याच्या निळ्या, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेणाऱ्या वॅनच्या भोकात घातली, इंटरनेट सुरू. मागच्या खोलीत १९० आला. मी पेढे आणायच्या बेतात होते. मग प्रिंट काढायला गेले तर प्रिंटर सापडेना. प्रिंटर मधल्या खोलीत, जुन्या डब्याच्या वायफायवर. मी मागच्या खोलीत, नव्या डब्यावर. एकाच घरात, एकाच केबलवर, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

झालं असं होतं की घरात दोन कारभारी झाले होते. चपलांच्या रॅकवरचा डबा घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता वाटत होता. नव्या राउटरनं स्वतःचं वेगळं राज्य मांडलं आणि आपल्या मागच्या यंत्रांना तो वेगळे पत्ते वाटायला लागला. बाहेर जायला अडचण नाही, म्हणून इंटरनेट चालत होतं. प्रिंटर शोधायची हाक मात्र आपल्याच राज्यात फिरते, हद्द ओलांडत नाही. अॅक्सेस पॉइंट मोड चालू केला की नवा राउटर कारभार सोडतो, पत्ते वाटत नाही, फक्त वायफाय पसरवतो. एका बटणाचं काम. दोन दिवस मी प्रिंटरचं ड्रायव्हर काढून-घालून पाहत होते, शाई बदलली, प्रिंटरला शिव्या दिल्या. दोन्ही डब्यांना वायफायचं नाव आणि पासवर्डही एकच ठेवला, आता फोन घेऊन फिरलं तरी कळत नाही कुठं एक संपला आणि दुसरा लागला. दुसरा राउटर माडीवर लेकीच्या खोलीत, जिन्याच्या कडेनं केबल नेऊन. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मेलचं काम मात्र शनिवारात मावणारं नव्हतं.

माझ्यापुरतं सोपं होतं. विंडोजबरोबर येणारं साधं मेल अॅप मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या अखेरीस बंद केलं आणि त्याजागी नवं आउटलुक आणलं. नव्या संगणकावर तेच समोर येतं. मी खातं जोडायला लागले तेव्हा त्यानं सांगितलं की तुमच्या मेल्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नेऊन ठेवू. लपवून करत नाहीत, विचारतात. पण माझं ऑफिसचं खातं मायक्रोसॉफ्टचं नाही, आणि त्यात लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, फॉर्म १६. आणखी एका ठिकाणी त्यांची प्रत कशाला? शिवाय फुकटच्या नव्या आउटलुकमध्ये मेल्सच्या यादीत जाहिरात येते, अगदी मेलसारखीच दिसणारी. घाईत तीवर बोट पडतं. नवरा आणि लेक ब्राउझरमध्येच मेल पाहतात, त्यांना यातलं काही कळत नाही आणि नको आहे. मी थंडरबर्ड घेतलं. फुकट, मोझिलाच्या घरातलं, २००४ पासूनचं. थेट मेलच्या सर्व्हरशी बोलतं, मधे कुणी नाही. दिसायला थोडं सरकारी आहे. मला चालतं.

आणि मग अप्पांनी विचारलं, "माझ्या मेल्स पण त्यात येतील का गं?"

अप्पांचा संगणक बोळात, घराच्या बरोबर मधोमध एका टेबलावर आहे. विंडोज एक्सपी, आणि त्यातलं जुनं मेल सॉफ्टवेअर आउटलुक एक्स्प्रेस. काही वर्षांपूर्वी त्यात नवीन मेल येणं बंद झालं. गुगलला आता नुसता पासवर्ड पुरत नाही, त्याची स्वतःची खिडकी उघडून ओळख पटवावी लागते, आणि आउटलुक एक्स्प्रेसला ती पद्धत ठाऊकच नाही. अप्पा नव्या मेल्स फोनवर बघतात. तरी रोज सकाळी तो संगणक लावतात. मला वाटायचं सवय आहे. मी कधी विचारलं नाही काय बघता.

त्यात एक फोल्डर निघाला, नाव रोमन अक्षरांत 'पाऊस'. वाईला त्यांचे एक मित्र होते, तेही हवामान खात्यातले. दोघांनी निवृत्तीनंतर परसात पर्जन्यमापक बसवले होते. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला, खात्याच्या शिस्तीनं, मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा आणि एकमेकांना कळवायचा. एका ओळीची मेल. २००३ ते २०१४. मग नाहीत.

या सगळ्या मेल्स फक्त त्या एका संगणकात होत्या. आधीची वर्षं अप्पा ज्या कंपनीचं इंटरनेट होतं तिचाच ईमेल वापरत, आणि तेव्हाची पद्धत पॉप. पॉप म्हणजे पोस्टमननं पत्र घरात टाकलं की पोस्टात काही उरत नाही. आता आपण वापरतो ते आयमॅप, त्यात पत्र पोस्टातच राहतं आणि आपण कुठूनही जाऊन वाचतो. ती कंपनीही गेली, पत्ताही गेला. आणि त्या संगणकाची हार्ड डिस्क गेले सहा महिने अधूनमधून टक्-टक् करत होती.

आउटलुक एक्स्प्रेस प्रत्येक फोल्डरची एक फाइल ठेवतं, डीबीएक्स नावाची, आणि ती दोन जीबीच्या पुढं गेली की बिघडते. अप्पांचा इनबॉक्स १.७ वर होता. अमेरिकेतल्या नातवंडांचे फोटो. मेल्स पुसल्या तरी फाइल आकसत नाही, त्यासाठी ते सॉफ्टवेअर मधूनमधून 'आवळून टाकू का' असं विचारतं. अप्पांनी पंधरा वर्षं त्याला नाही म्हटलं होतं. "विचारतंय म्हणजे त्याची खात्री नसेल," हे त्यांचं म्हणणं. मी हसले, पण नंतर वाचलं की ते आवळणं अर्ध्यात तुटलं तर मेल्स जायच्या. तेव्हा हसणं मागे घेतलं.

पहिलं काम केलं ते म्हणजे कशालाही हात न लावता त्या सगळ्या डीबीएक्स फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या. त्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, आधी लपलेलं दाखव असं संगणकाला सांगावं लागतं. मग नव्या संगणकावर थंडरबर्डला सांगितलं, वाच. वाचेना. तिथं नवऱ्यानं खरंच मदत केली. त्यानं शोधून काढलं की नवं थंडरबर्ड एक्सपीवर चालत नाही, पण त्यावर चालणाऱ्या एका जुन्या थंडरबर्डला आउटलुक एक्स्प्रेसमधून मेल्स ओढून घेता येतात. म्हणजे नव्या घरात सामान न्यायचं तर आधी जुन्याच घरात दुसरी खोली बांधायची, सामान तिथं हलवायचं, आणि ती खोलीच उचलून न्यायची. ते जुनं थंडरबर्ड पेनड्राइव्हवरून एक्सपीवर घातलं, इंटरनेटला न जोडता. आयात सुरू केली. चाळीस मिनिटं. अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले, एक शब्द बोलले नाहीत. डिस्क टक्-टक् करत होती.

थंडरबर्ड मेल्स साध्या मजकुराच्या मोठ्या फाइलींत ठेवतं. त्यांना शेपूट नसतं, म्हणजे नावाच्या पुढं टिंब आणि अक्षरं नसतात. शेजारी त्याच नावाची एमएसएफ शेपटीची फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. बिनशेपटीच्या तेवढ्या नव्या संगणकाच्या लोकल फोल्डर्समध्ये ठेवल्या, थंडरबर्ड उघडलं, अनुक्रमणिका त्यानं स्वतः केली. डाव्या बाजूला सगळे फोल्डर आले. 'पाऊस' उघडला.

कचरा. फ, च, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, पौंडाची खूण. वाईचे काका युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले, मराठी श्रीलिपीत टाइप करायचे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं ते सॉफ्टवेअर. तेव्हा मराठी अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षरावर चढवलेला मुखवटा; फॉन्ट नसला की मुखवटा उतरतो. मी म्हटलं, "अप्पा, यातलं काही कळत नाहीये." ते चष्मा सारून पडद्याच्या जवळ गेले. "कळतंय की," म्हणाले. "बेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकशे सात. हा जुलै दिसतोय."

आकडे शाबूत होते. अक्षरांचं सोंग उतरलं होतं, आकड्यांनी सोंग घेतलंच नव्हतं.

नंतर एक्सपीच्या फॉन्टच्या फोल्डरमधून श्रीलिपीचे फॉन्ट उचलून नव्या संगणकावर टाकले, बऱ्याच मेल्स वाचता यायला लागल्या, काही नाही आल्या. ज्या आल्या त्यांत पावसाच्या खाली कधी कधी एक ओळ असे. 'आज कृष्णेचे पाणी घाटाच्या तिसऱ्या पायरीस.' 'मापकात बेडूक सापडला, नोंद संशयास्पद.' सगळ्याची एक प्रत आता बाहेरच्या हार्ड डिस्कवर कपाटात आहे आणि एक माझ्या नणंदेकडे औंधला. अप्पांसाठी बोळातच एक छोटा नवा संगणक ठेवला, जुना पडदा त्यालाच जोडला. गुगलची ओळख पटवणारी खिडकी पहिल्या दिवशी आली तेव्हा त्यांनी मला हाक मारली, दुसऱ्यांदा नाही.

एक राहिलं होतं. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जायची ती बहुधा गुरुवारी, आणि वीज गेली की डबेही जायचे. राउटरसाठी मिळणारी छोटी बॅटरी आणली, बारा व्होल्टची. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते बघून जावं. व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपियर बॅटरीचे जास्त चालतील, कमी नाही. चपलांच्या रॅकवरचा डबा बारा व्होल्टचा निघाला, माडीवरचा नऊचा. मी दोन्हींना बाराच्याच आणल्या होत्या. एक परत केली. दुकानदारांनी घेतली, चेहऱ्यावर काही न दाखवता.

मागच्या खोलीसाठी म्हणून आणलेला राउटर खरं तर बोळात ठेवायला हवा होता, घराच्या मधोमध, तिथून मागची खोली, स्वयंपाकघर आणि अप्पांची खोली तिन्हीकडे दार उघडतं. पण बोळात टेबल एकच, त्यावर नवा संगणक, आणि टेबलाखाली एक्सपीचा तो मोठा बदामी रंगाचा सीपीयू. त्याला आता कुणी लावत नाही. भंगारवाला रविवारी येतो. मी अप्पांना म्हटलं, "हा काढून टाकू का? राउटरला जागा होईल."

"त्याच्यावर ठेव की," अप्पा म्हणाले. "बसतोय की नीट."

बसला. तिथंच आहे.